पॅडल रेडिओ ते पॉडकास्ट : ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधले ऐकणे

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील कोरड्या, विरळ वस्तीच्या विस्तीर्ण मुलखाला आउटबॅक म्हणतात. नॉर्दर्न टेरिटरी हा त्याचा गाभा. महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठ्या या प्रदेशात आजही जेमतेम अडीच लाख माणसे राहतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक एकट्या डार्विन शहरात व त्याच्या आसपास आहेत. उरलेल्या भागात खाणी, मूलनिवासींच्या वस्त्या आणि गुरांची ‘स्टेशने’. स्टेशन म्हणजे हजारो चौरस किलोमीटरचे कुरण, त्यात मालकाचे किंवा व्यवस्थापकाचे एक घर, कामगारांच्या खोल्या, पाण्याच्या कूपनलिका आणि मैलोन् मैल तारेचे कुंपण. दक्षिण ऑस्ट्रेलियातले अ‍ॅना क्रीक हे जगातले सर्वांत मोठे गुरांचे स्टेशन मानले जाते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढे आहे.

हा मुलूख ‘दुर्गम’ ठरला तो बाहेरून आलेल्यांच्या हिशेबाने. मूलनिवासी समाज तिथे हजारो वर्षे राहत आले होते आणि पाणवठे, वाटा, नातीगोती त्यांच्या गीतांत व कथांत पिढ्यान् पिढ्या सांभाळली गेली होती. एकोणिसाव्या शतकात गुरे घेऊन आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना मात्र प्रत्येक गोष्ट समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरांतून आणावी लागे. पीठ, औषध, वर्तमानपत्र, मास्तर, डॉक्टर, सगळेच. १८७२ मध्ये पोर्ट ऑगस्टा ते डार्विन अशी तारायंत्राची ओळ पूर्ण झाली, पण तिचा उपयोग तिच्या ठाण्यांजवळ राहणाऱ्यांना. चार-पाचशे किलोमीटर आत असलेल्या स्टेशनवर बातमी पोचायची ती टपाल घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर, कधी महिन्याने, कधी पूर आला तर त्याहून उशिरा.

या एकटेपणाची किंमत काय, हे १९१७ मधल्या एका घटनेने साऱ्या देशाला कळले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील किम्बर्ली भागात जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. त्याला हॉल्स क्रीक या गावी आणले गेले, पण तिथे डॉक्टर नव्हता. पोस्टमास्तर टकेट याला प्रथमोपचाराचे थोडे ज्ञान होते. त्याने दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या पर्थमधील डॉ. हॉलंड यांच्याशी तारायंत्रावर संपर्क साधला. डॉक्टर मोर्स संकेतांत एकेक सूचना पाठवत गेले आणि पोस्टमास्तराने साध्या चाकूने शस्त्रक्रिया केली. हॉलंड स्वतः गुरांच्या बोटीने डर्बी बंदरावर उतरले आणि तिथून मोटारीने खडतर वाट तुडवत हॉल्स क्रीकला पोचले. डार्सी आदल्याच दिवशी वारला होता, तोही शस्त्रक्रियेने नव्हे तर मलेरियाने. तारेवरून आलेला शब्द वेळेत पोचला होता, माणूस पोचला नव्हता.

रेव्हरंड जॉन फ्लिन हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक १९१२ पासून ‘ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन’ चालवत होते. आउटबॅकमध्ये छोटी रुग्णालये उभारणे हे त्यांचे काम. डॉक्टर विमानाने न्यावा ही कल्पना त्यांनी दहा वर्षे लावून धरली आणि १७ मे १९२८ रोजी क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून पहिले वैद्यकीय उड्डाण झाले. विमान क्वान्टास कंपनीकडून भाड्याने घेतलेले होते आणि डॉक्टर होते सेंट व्हिन्सेंट वेल्च. पुढे ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ म्हणून गाजलेल्या सेवेचा हा आरंभ. पण विमान आले तरी एक मूळ अडचण उरतच होती. डॉक्टरला बोलावायचे कसे? तीनशे किलोमीटरवर कोणी आजारी आहे हे क्लॉनकरीत कळणार कसे?

त्याचे उत्तर अ‍ॅडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर या विद्युत तंत्रज्ञाने दिले. स्टेशनवर वीज नव्हती. जड बॅटऱ्या वाहून नेणे आणि भरून आणणे परवडण्यासारखे नव्हते. हाताने फिरवायचे जनित्र करून पाहिले, तर फिरवणाऱ्याचे हात त्यात अडकत आणि मोर्सची कळ दाबायला दुसरा माणूस लागे. ट्रेगरने जनित्राला सायकलसारखी पॅडल जोडली. खुर्चीवर बसून पायाने पॅडल मारत राहायचे, त्यातून सुमारे २० वॅट वीज मिळायची आणि दोन्ही हात संदेश पाठवायला मोकळे राहायचे. जून १९२९ मध्ये क्वीन्सलँडमधील ऑगस्टस डाउन्स या स्टेशनवर असा पहिला संच बसला. मोर्स शिकायला वेळ कुणाला होता? म्हणून ट्रेगरने टंकलेखन यंत्रासारखा कळफलकही बनवला, अक्षर दाबले की त्याचे मोर्स चिन्ह आपोआप जाई. १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत संचांवरून प्रत्यक्ष बोलता येऊ लागले आणि कळफलक अडगळीत गेला.

पॅडल रेडिओचे तंत्र साधे होते आणि म्हणूनच ते टिकले. हे संच लघुलहरींवर चालत. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात, त्यामुळे मध्ये मनोरे लागत नाहीत. पण तो थर दिवसाच्या वेळेनुसार आणि ऋतूनुसार बदलतो. सकाळी स्पष्ट ऐकू येणारा आवाज दुपारी विरून जाई, उन्हाळी वादळांत नुसती खरखर उरे. म्हणून तळाच्या केंद्राने वेळा ठरवून दिल्या होत्या. सकाळी अमुक वाजता डॉक्टरची फेरी, मग तारा वाचून दाखवायच्या, मग हवामान. या वेळापत्रकाला बोलीत ‘स्केड’ म्हणत आणि घरातली कामे त्याच्या आगेमागे लावली जात. १९४२ पासून स्टेशनांवर क्रमांक घातलेल्या औषधांच्या एकसारख्या पेट्या ठेवल्या गेल्या. लक्षणे ऐकून डॉक्टर सांगत, अमुक क्रमांकाच्या बाटलीतल्या दोन गोळ्या द्या. वैद्यकशास्त्राचा असा आकड्यांत बांधलेला वापर क्वचितच इतका परिणामकारक ठरला असेल.

या सगळ्यात खासगी असे काही नव्हते. एका लहरीवर साऱ्या टापूचे कान लागलेले असत. कुणाचे बाळंतपण अडले, कुणाचे कर्ज थकले, कुणाच्या मुलाला सिडनीत नोकरी लागली, हे डॉक्टरला किंवा तारमास्तराला सांगितले की सगळ्यांना सांगितल्यासारखेच. दिवसातला ठरावीक काळ स्त्रियांच्या गप्पांसाठी मोकळा सोडला जाई. त्याला ‘गला सेशन’ हे नाव पडले, ते थव्याने कलकलाट करणाऱ्या गला या गुलाबी-करड्या काकाकुव्यावरून. नाव देणारा पुरुषच असणार. पुरुष आठवडेच्या आठवडे गुरांमागे गेलेले असताना स्टेशनवरच्या बाईला दुसऱ्या बाईचा आवाज ऐकायला मिळण्याची ती एकच जागा होती, आणि पाककृती, कापडाचे नमुने, मुलांचे खोकले यांच्या देवघेवीतून पन्नास वर्षे एक शेजार टिकून राहिला. त्यातल्या कित्येक जणी एकमेकींना जन्मात कधी भेटल्या नव्हत्या.

शाळाही याच तारेविना चाललेल्या तारेवर उभी राहिली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ अ‍ॅडलेड मीथ्के फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या कामात होत्या. आउटबॅकमधली पोरे रेडिओ सहज हाताळतात हे त्यांच्या लक्षात आले. टपालाने येणाऱ्या धड्यांवर शिकणाऱ्या या मुलांना शिक्षकाचा आवाज का मिळू नये, असा त्यांचा प्रश्न होता. ८ जून १९५१ रोजी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे ‘स्कूल ऑफ द एअर’चे रीतसर उद्घाटन झाले. सुरुवातीला आठवड्यातून तीन वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाचे पाठ होत आणि ते एकतर्फी असत. थोड्याच काळात पाठानंतर प्रश्नोत्तरे आली आणि मुले आपापल्या स्वयंपाकघरातून हजेरी देऊ लागली. एकट्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या शाळेचे क्षेत्र तेरा लाख चौरस किलोमीटर सांगितले जाते. पुढे इतर राज्यांतही अशा शाळा निघाल्या. पहिली काही दशके त्यांत प्रामुख्याने गोऱ्या वसाहतवाल्यांची मुले होती, ही बाब गौरवग्रंथांत सहसा लहान टायपात छापली जाते.

बोलण्याच्या रेडिओबरोबर नुसते ऐकण्याचा रेडिओही आला. एबीसी ही सार्वजनिक प्रसारण संस्था १९३२ मध्ये सुरू झाली. ३ डिसेंबर १९४५ पासून तिचा ‘कंट्री अवर’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू आहे. बाजारभाव, पाऊस, रोग, कायदे असा त्याचा मजकूर. पण खेड्यांची दुपार खऱ्या अर्थाने ताब्यात घेतली ती मालिकांनी. ग्वेन मेरेडिथ यांनी १९४४ मध्ये ‘द लॉसन्स’ ही शेतकरी कुटुंबाची मालिका लिहायला घेतली. युद्धकाळात शेतीविषयक नवी माहिती गोष्टीत मिसळून पोचवावी हा संस्थेचा हेतू होता. १९४९ मध्ये तिच्या जागी ‘ब्लू हिल्स’ आली आणि ३० सप्टेंबर १९७६ पर्यंत तिचे ५,७९५ भाग झाले. पाव तासाचा भाग, दुपारी एकच्या सुमारास. दुपारच्या जेवणाची सुट्टी मालिकेच्या वेळेवर धरणारी स्टेशने होती. कुंपण दुरुस्त करायला गेलेल्याचा भाग चुकला तर तो चुकलाच. पुढचा भाग ऐकण्याआधी कुणाला तरी ‘काल काय झालं?’ विचारावे लागे.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रेडिओने आउटबॅकमधले अंतर संपवले, पण माणसाला घड्याळाशी बांधले. शहरात कार्यक्रमाच्या वेळी घरी नसणे ही किरकोळ बाब. स्टेशनवरचे काम मात्र पहाटे सुरू होते, दूरवर चालते, आणि गुरे, पाणी, ऊन यांच्या वेळांवर ठरते. मस्टरिंगच्या दिवसांत, म्हणजे सगळ्या कुरणातली गुरे गोळा करायच्या हंगामात, माणसे आठवडेच्या आठवडे तंबूत राहतात. बोअर रन, म्हणजे कूपनलिका आणि पाण्याच्या टाक्या तपासत फिरणे, हे एकट्याने करायचे काम. त्यात चारपाच तास गाडी हाकावी लागते. मोकळे कान सर्वाधिक असत ते अशा वेळी, आणि नेमके तेव्हाच ऐकण्याजोगे काही लागत नसे. १९५०च्या दशकानंतर ट्रान्झिस्टर आले, गाड्यांत रेडिओ बसले, तरी मध्यम लहरी शे-दोनशे किलोमीटरच्या पुढे दिवसा नीट पोचत नसत.

घड्याळाच्या या बांधणीतून पहिली सुटका कॅसेटने केली. १९७०-८०च्या दशकांत रोड ट्रेन हाकणाऱ्या चालकांच्या केबिनमध्ये स्लिम डस्टी या लोकप्रिय गायकाच्या कॅसेटी वाजत. रोड ट्रेन म्हणजे पन्नास मीटरहून लांब, तीन-चार डबे ओढणारा ट्रक. तो गुरे आणि इंधन घेऊन दिवस-दिवस सरळ रस्त्याने धावतो. बोलकी पुस्तके, शाळेचे ध्वनिमुद्रित पाठ, नातेवाइकांची बोलकी पत्रे टपालाच्या विमानाने येत. १९८० मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे ‘कामा’ म्हणजे सेंट्रल ऑस्ट्रेलियन अ‍ॅबोरिजिनल मीडिया असोसिएशन स्थापन झाली. मूलनिवासींच्या भाषांतले कार्यक्रम आणि गाणी तिने रेडिओवर आणली आणि कॅसेटींवरूनही वस्त्यावस्त्यांत पोचवली. आवाज साठवून नेता येतो आणि हवा तेव्हा ऐकता येतो, ही सवय तिथल्या माणसांना इंटरनेटच्या आधी लागलेली होती. फक्त नवी कॅसेट यायला आठवडा लागे.

ऑगस्ट १९८५ मध्ये ऑसॅट हा ऑस्ट्रेलियाचा पहिला दळणवळण उपग्रह अंतराळयान डिस्कव्हरीतून सोडला गेला आणि स्टेशनांवरच्या घरांच्या छपरांवर डिश आल्या. त्यावर टीव्ही दिसू लागला. मूलनिवासी भाषांवर टीव्हीचे आक्रमण होईल या भीतीतून काही वस्त्यांनी स्वतःचे केंद्र आधीच काढले होते. १९८७ पासून सरकारने सुमारे ८० वस्त्यांना स्थानिक कार्यक्रम मिसळता येतील अशी साधने दिली. त्याच सुमारास दूरसंचार खात्याने सूक्ष्मलहरींच्या साखळीतून दूरच्या स्टेशनांना टेलिफोन जोडले. टेलिफोन आल्यावर गुपिते गुपितच राहू लागली आणि गला सेशन विरळ होत गेले. जिला सगळ्यांनी ऐकलेले नको होते, तिला ते बरेच वाटले असणार. पण रोज सकाळी सगळ्यांची खुशाली आपोआप कळण्याची सोयही त्याबरोबर गेली.

घराबाहेर काम करणाऱ्यांसाठी १९८६ मध्ये एबीसीने लघुलहरींची नवी सेवा सुरू केली. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक आणि कॅथरिन येथे प्रक्षेपक उभारले गेले. एखादा साधा लघुलहरी रेडिओ आणि झुडपावर टाकलेली तार एवढ्यावर बातम्या, हवामान आणि चक्रीवादळाचे इशारे मस्टरिंगच्या तळावर किंवा मासेमारीच्या होडीत ऐकू येत. शहरी श्रोत्यांना या सेवेची माहितीही नव्हती. ती महत्त्वाची किती होती हे पुढे ती बंद होताना दिसले.

पॉडकास्टचा जन्म या मुलखापासून फार दूर झाला, तरी त्याच्या मुळाशी असलेली कल्पना जणू याच मुलखासाठी सुचली होती. २००० साली टीव्ही निवेदक अ‍ॅडम करी यांनी सॉफ्टवेअरकार डेव्ह वाइनर यांना एक तक्रार सांगितली. संथ जोडणीवर ध्वनी किंवा चित्रफीत मागवली की माणसाला ताटकळत बसावे लागते आणि हाती येते ते निकृष्ट. त्यापेक्षा संगणकाने रात्रभर सावकाश फाइल उतरवून ठेवावी आणि सकाळी कळ दाबताच ती तयार असावी. वाट पाहण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे द्यायचे, एवढीच ती युक्ती. वाइनर यांनी २०००च्या अखेरीस आरएसएस या संकेतस्थळांच्या सूचनापद्धतीत ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली. २००३ मध्ये पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती अशा रीतीने वितरित होऊ लागल्या. २००४ मध्ये ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्स्ली यांच्या एका लेखात पॉडकास्टिंग हे नाव आले आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. ऑस्ट्रेलियात एबीसीची रेडिओ नॅशनल वाहिनी २००५ मध्येच आपले कार्यक्रम या रूपात देऊ लागली.

कागदावर योजना चोख होती, आउटबॅकमध्ये मात्र फाइल उतरवणे हाच दिवसभराचा उद्योग. अर्ध्या तासाचा कार्यक्रम साधारण दर्जाने मुद्रित केला, सेकंदाला ६४ किलोबिट धरले, तर त्याचे सुमारे १४ मेगाबाइट होतात. टेलिफोनच्या जोडणीवर सेकंदाला २८ किलोबिटचा वेग टिकला तर त्याला एक तास नऊ मिनिटे लागणार, आणि दूरच्या स्टेशनवर अनेकदा लागे तसा ९.६ किलोबिटचा वेग असला तर तीन तास वीस मिनिटे. तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडकलेला. मध्येच जोडणी तुटली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत पॉडकास्ट इथे आले ते माणसांबरोबर. दरवर्षी मार्चच्या सुमारास, पाऊस सरला की, शहरांतून तरुण कामगार आणि मुलांना घरी शिकवणाऱ्या शिक्षिका स्टेशनांवर नोकरीला येतात. शिक्षिकेला तिकडे ‘गव्ही’ म्हणतात. त्यांच्या खिशातल्या एमपी-३ प्लेअरमध्ये कार्यक्रम भरलेले असत. गावात सामान आणायला गेले की ग्रंथालयात किंवा नातेवाइकांकडे नवे भाग भरून घ्यायचे, एकमेकांच्या यंत्रांत उतरवून द्यायचे. कॅसेटीच्या काळचीच ही पद्धत, फक्त खोक्याचा आकार घटला.

ऑक्टोबर २००६ मध्ये टेलस्ट्रा कंपनीने ‘नेक्स्ट-जी’ मोबाइल जाळे सुरू केले. रस्त्याकडेच्या गावांत वेग आला. कंपन्यांच्या जाहिरातींत लोकसंख्येच्या ९९ टक्के भागाला सेवा मिळते असे असते आणि ते खरेही आहे, कारण लोकसंख्या किनाऱ्यावर आहे. जमिनीच्या हिशेबाने सर्वांत मोठे जाळेसुद्धा देशाच्या जेमतेम एक-तृतीयांश भागावर पोचते. आउटबॅकमधला चालक म्हणूनच गाव सोडण्यापूर्वी थांबून फोन भरून घेतो. इंधन, पाणी, जास्तीचे चाक आणि उतरवलेले भाग. २०१४ मध्ये अमेरिकेतील ‘सीरियल’ या मालिकेने जगभर नवे श्रोते ओढले, तसे ते इथेही आले. एबीसीवरच्या रिचर्ड फिडलर यांच्या ‘कॉन्व्हर्सेशन्स’सारख्या तासाभराच्या मुलाखती लांबच्या गाडीप्रवासाला मापात बसतात. शहरात जो तास काढून ठेवावा लागतो, तो बोअर रनवर आधीच मोकळा असतो.

मोठा फरक ‘स्काय मस्टर’ने पडला. १ ऑक्टोबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातून सोडलेला हा उपग्रह सरकारी राष्ट्रीय ब्रॉडबँड योजनेचा भाग होता, त्याचा जोडीदार वर्षभराने वर गेला. नाव सुचवले होते एका शाळकरी मुलीने, मस्टरिंगवरूनच. हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर राहतात. तिथपर्यंत जाऊन परत येण्यातच शब्दाला सुमारे पाव सेकंद लागतो. संभाषणात हा विलंब खटकतो, दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही थांबतात. उतरवून ठेवलेल्या फाइलला मात्र त्याने काही बिघडत नाही. पॅडल रेडिओ संभाषणासाठी उत्तम आणि साठवणीसाठी निरुपयोगी होता. स्थिर उपग्रहाचे नेमके उलटे.

डेटाची मर्यादा मात्र कडक होती. ग्राहकाला दिवसाचा कोटा थोडा आणि रात्री एक ते सकाळी सातपर्यंतचा भरघोस मिळे. दिवसाचा वाटा मुलांच्या शाळेला, गुरांच्या नोंदणीला आणि बँकेला लागायचा, कारण एव्हाना स्कूल ऑफ द एअरही लघुलहरी सोडून उपग्रहावर गेली होती. ध्वनिफाइली त्यामुळे रात्रीवर ढकलल्या जात. आपोआप उतरवण्याची वेळ लावून ठेवायची आणि पहाटे गाडी काढताना भरलेला फोन उचलायचा. करी यांनी पंधरा वर्षांपूर्वी मांडलेली रात्रीची योजना अशा प्रकारे कोट्याच्या नियमांनी अक्षरशः अमलात आणली. कोटा महिन्याच्या मध्येच संपला की वेग इतका मंदावायचा की टपालखात्याची आठवण व्हावी.

मग ३१ जानेवारी २०१७ आला. एबीसीने नॉर्दर्न टेरिटरीतली लघुलहरी सेवा त्या दिवशी बंद केली. निर्णय जाहीर होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. वर्षाला सुमारे १९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर वाचतील आणि ते डिजिटल सेवांवर खर्च करता येतील असे कारण देण्यात आले. श्रोत्यांनी उपग्रह-रेडिओ किंवा इंटरनेट वापरावे, अशी सूचना झाली. पशुपालक, मच्छीमार, ट्रकचालक आणि मूलनिवासी वनरक्षक या सर्वांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा सोपा होता. उपग्रहाची डिश घराच्या छपरावर असते, ती चालत्या गाडीत किंवा होडीत चालत नाही. पॉडकास्ट कालचा असतो, चक्रीवादळाचा इशारा आजचा लागतो. सेनेटर निक झेनोफोन यांनी सेवा परत सुरू करण्यासाठी विधेयक मांडले, पण लघुलहरी परतल्या नाहीत.

विरोधकांचे म्हणणे अर्धेच ऐकले गेले, आणि जे सुटले तेच अधिक महत्त्वाचे होते. साठवलेला आवाज आणि चालू आवाज या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिलीने कंटाळा जातो, शिक्षण होते, जगाशी ओळख राहते. दुसरीवर कधीकधी जीव अवलंबून असतो. प्रशासनाने दोन्हींना ‘ऑडिओ’ या एकाच रकान्यात टाकले आणि एक वाढते आहे म्हणून दुसरी काढता येईल असा हिशेब केला. त्यामुळे आज स्टेशनवरच्या गाडीत दोन यंत्रे शेजारी-शेजारी दिसतात. फोनवर पॉडकास्ट आणि डॅशबोर्डवर यूएचएफ सीबी. ही छोट्या पल्ल्याची दुतर्फी रेडिओपद्धती १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात चाळीस चॅनेलांनिशी सुरू झाली. मस्टरिंगमध्ये हेलिकॉप्टरचा वैमानिक, मोटरसायकलस्वार आणि ट्रकवाला तिच्यावरच बोलतात. सीबीवर हाक आली की गोष्ट थांबवायची आणि काम झाले की सोडली तिथून पुढे ऐकायची. ‘ब्लू हिल्स’च्या श्रोत्यांना हे शक्य नव्हते.

ऐकण्याचा सामाजिक पोतही बदलला आहे. पूर्वी साऱ्या जिल्ह्याने एकच मालिका ऐकलेली असे, म्हणून पशुमेळ्याला किंवा घोड्यांच्या शर्यतींना भेटल्यावर बोलायला विषय तयार असे. आता एकाच तळावरच्या सहा जणांच्या कानांत सहा वेगळे कार्यक्रम चालतात. एक रोमन साम्राज्याचा इतिहास ऐकतो, दुसरा क्रिकेटवरच्या गप्पा, तिसरी गुरांच्या पैदाशीचे शास्त्र. ‘कंट्री अवर’सुद्धा मागाहून ऐकता येतो. घरापासून पहिल्यांदाच दूर आलेल्या वीस वर्षांच्या मुलीला आपल्या शहरातल्यासारखे बोलणारे आवाज रोज कानांत मिळतात, ही लहान गोष्ट नव्हे. पण हे आवाज तिला उत्तर देत नाहीत. गला सेशनमध्ये कुणाचा आवाज दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी चौकशी होई.

मूलनिवासी वस्त्यांत चित्र थोडे निराळे आहे. तिथे घरोघरी उपग्रह-जोडणी कमी, आगाऊ पैसे भरलेले मोबाइल जास्त, आणि एक फोन अनेक जण वापरतात. ध्वनिफाइली ब्लूटूथने हातोहात फिरतात. वस्त्यांच्या माध्यमसंस्थांनी कॅसेट आणि टेपच्या काळात जमवलेली मुद्रणे, वृद्धांच्या कथा, गाणी, भाषेचे नमुने अंकीय रूपात आणण्याचे काम हाती घेतले आहे. २०२१ पासून स्टारलिंकचे कमी उंचीवरचे उपग्रह ऑस्ट्रेलियात सेवा देऊ लागले. त्यांच्यात विलंब थोडा आणि वेग पुष्कळ असल्याने ज्या स्टेशनांना ती सेवा परवडते तिथे रात्री एकची वाट पाहणे थांबले. गाडीच्या टपावर बसवायच्या डिशही आल्या आहेत, त्यामुळे चालू प्रक्षेपण आता चालत्या गाडीतही लागू शकते. तरीही कुंपणाच्या कडेला, डिशपासून दूर काम करणारे फोनमध्ये भाग उतरवूनच निघतात.